देवबागची जेटस्की ओपीडी

तारकर्लीला जाऊन आलेल्या कुणाचाही अल्बम बघा. एक फोटो सिंधुदुर्ग किल्ल्याचा, एक सोलकढीच्या ग्लासचा आणि एक हमखास जेटस्कीवरचा! नारिंगी लाइफ जॅकेट, डोळ्यांवर गॉगल, मागे पाण्याचा फवारा. राइड असते जेमतेम पाच मिनिटांची, पण प्रोफाइल फोटो म्हणून वर्षभर पुरते. त्या वेळी आपण बघतो फक्त रेट आणि रांग. बुडाखाली कुठलं इंजिन आहे, किती जुनं आहे, पावसाळाभर कुठे पडलं होतं, हे कोण विचारतंय?

ते बघायचं असेल तर सप्टेंबरात जा. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत सिंधुदुर्गातले वॉटर स्पोर्ट्स बंद असतात. समुद्र खवळलेला, खाडी गढूळ. जेटस्क्या ताडपत्रीखाली गाढ झोपलेल्या. गणपती उरकले, चाकरमानी मुंबईला परतले की देवबागला एक वेगळाच सीझन सुरू होतो. झोपलेल्या मशिनी उठवण्याचा!

मी गेलो त्याला निमित्त होतं माझ्या ऑफिसातल्या एका मित्राच्या मामेभावाचं. हा पोरगा आठ वर्षं दुसऱ्यांच्या जेटस्क्या चालवतोय. सीझनमध्ये सकाळी आठपासून अंधार पडेपर्यंत पाण्यात, आणि हातात येतो तो पगार. आता त्याला स्वतःचं मशीन हवं होतं. नवं घ्यायचं तर चांगल्या कारएवढे पैसे. म्हणून सेकंडहॅण्ड. तीन मशिनी बघून ठेवल्या होत्या. निम्मे पैसे मित्राच्या बोनसमधून, निम्मे पतपेढीतून, बायकोचं सोनं गहाण ठेवून. मी पडलो सॉफ्टवेअर टेस्टर. ‘चुका काढायची सवय आहे तुला, चल,’ असं म्हणून मित्राने कोकणकन्येचं तिकीटच हातात ठेवलं.

रस्ता संपतो तिथे

मालवणहून तारकर्ली साधारण सात किलोमीटर. बहुतेक गाड्या तिथेच थांबतात. तुम्ही थांबू नका. माडांच्या मधून जाणारा अरुंद रस्ता धरून पुढे पुढे जात राहा. उजव्या हाताला अरबी समुद्र, डाव्या हाताला कर्लीची खाडी आणि मध्ये चिंचोळी वाळूची पट्टी. त्या पट्टीवर वसलेलं गाव म्हणजे देवबाग. काही ठिकाणी तर एका घराच्या पुढच्या दारातून समुद्र ऐकू येतो आणि मागच्या दाराला होडी बांधलेली असते. पट्टी संपते तिथे नदी समुद्राला मिळते. जवळच वाळूचं ते प्रसिद्ध बेट आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं गावात सांगतात, म्हणून नाव त्सुनामी आयलंड. सगळे वॉटर स्पोर्ट्स त्याच्या आजूबाजूला चालतात.

मिस्त्रींची शेड खाडीच्या बाजूला. चिऱ्याच्या दोन भिंती, वर पत्रा, समोर रॅम्प. बोर्ड नाही. आत भिंतीला टेकवलेली होड्यांची आउटबोर्ड इंजिनं, दोरीला वाळत टाकलेले बांगडे आणि ट्रॉलीवर तीन जेटस्क्या. हुबेहूब सरकारी दवाखान्याची ओपीडी! फरक एवढाच की इथे पेशंट बोलत नाहीत आणि नातेवाईक फार बोलतात.

मिस्त्री साठीचे. आयुष्य मच्छीमारांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलं, जेटस्क्या गावात आल्यावर त्याही शिकले. मामेभाऊ त्यांना ‘काकानू’ म्हणतो, आम्हीही काका म्हणायला लागलो. पहिल्याच मिनिटाला मित्राने विचारलं, ‘काका, इंजिन खोलून बघायचं ना?’ काकांनी त्याच्याकडे न बघता मामेभावाला सांगितलं, ‘झिला, खोलूची घाय करू नको. आदी बघ, मगे खोल.’

दोन दिवस आम्ही तेच शिकलो. आधी बघायचं. स्वस्त गोष्ट आधी, महाग गोष्ट शेवटी.

हे यंत्र आहे तरी काय?

थोडं बॅकग्राउंड घेऊया. जेटस्की हे खरं तर कावासाकी कंपनीच्या मशीनचं नाव. झेरॉक्ससारखं ते सगळ्यांनाच चिकटलं. वर्गाचं नाव पर्सनल वॉटरक्राफ्ट. कल्पना अमेरिकेतल्या क्लेटन जेकबसन नावाच्या मोटोक्रॉस रायडरची. मोटरसायकलवरून पडायचंच असेल तर मातीपेक्षा पाण्यात पडलेलं बरं, असा साधा हिशेब! १९६८ मध्ये बॉम्बार्डियरने सी-डू आणली, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कावासाकीची उभ्याने चालवायची जेटस्की आली आणि १९८६ मध्ये यामाहाची बसून चालवायची वेव्हरनर. सुरुवातीची सगळी इंजिनं टू-स्ट्रोक. मग २००२ मध्ये यामाहाने फोर-स्ट्रोक मशीन बाजारात आणलं आणि हळूहळू टू-स्ट्रोकचा जमाना मागे पडला.

काम करायची पद्धत एकदम सोपी. होडीसारखा बाहेर पंखा नाही. पोटाखाली जाळी आहे, तिथून पाणी आत ओढलं जातं. आत नळीत इम्पेलर नावाचा पंखा गरगर फिरतो आणि ते पाणी मागच्या नॉझलमधून जोरात बाहेर फेकतो. नॉझल डावी-उजवीकडे वळलं की मशीन वळतं. बहुतेक मशिनींत याच पाण्याचा थोडा भाग इंजिन थंड ठेवायला वापरतात. म्हणजे ज्या पाण्यावर ते पळतं, तेच पाणी त्याच्या पोटातून फिरतं. आणि इथलं पाणी म्हणजे मीठ, रेती आणि पाण्यात टाकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. इंजिनाच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच.

पेशंट नंबर एक : नुसतं ‘टक्’

पहिलं मशीन थ्री-सीटर, फोर-स्ट्रोक, दोन पावसाळे बंद पडून होतं. मालकाचं म्हणणं, ‘इंजिन गेलं, भंगारच्या भावात घ्या.’ स्टार्टचं बटण दाबलं की नुसतं टक् व्हायचं.

काकांनी आधी सीट काढली आणि पाच मिनिटं काहीच केलं नाही. बंद पोटात पेट्रोलची वाफ साठलेली असते, ठिणगी पडली तर स्फोट. म्हणून आधी हवा खेळू द्यायची, वास घ्यायचा, मगच हात लावायचा.

मग तपासणी सुरू. एक, किल कॉर्ड लावलीय का? मनगटाला बांधायची ती लाल गुंडाळी. तिची क्लिप जागेवर नसेल तर इंजिन सुरू होणारच नाही. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात, म्हणाले काका. दोन, बॅटरी. मल्टिमीटरवर पूर्ण चार्ज झालेली बारा व्होल्टची बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. ही दाखवत होती ११.४. म्हणजे मेलेली. चांगली बॅटरी आणून जोडली. तरी टक्! मित्राचा चेहरा पडला. तीन, वायरी. काकांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर इंजिनाला जिथे बसते तो बोल्ट काढला. खाली हिरवंगार, देवघरातल्या न घासलेल्या तांब्यासारखं. मिठाने खाल्लेलं. पॉलिश पेपरने घासलं, परत आवळलं.

आता लगेच स्टार्ट मारायचा ना? नाही! चारही प्लग आधी बाहेर काढले. बंद पडलेल्या मशीनच्या सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर जाऊन पाण्यावर आपटला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग खरंच इंजिन जातं. प्लग नसताना फिरवलं तर पाणी असलंच तर भोकांतून बाहेर उडतं. आमच्या नशिबाने कोरडं निघालं.

शेवटी पेट्रोल. नळीने थोडं काढून पारदर्शक बाटलीत भरलं आणि उन्हात ठेवलं. दहा मिनिटांत तळाशी वेगळा थर! हल्ली आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. कोकणातल्या पावसाळ्यात महिनोन् महिने टाकी अर्धी भरून ठेवली की एक वेळ अशी येते की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं. पंप नेमका तळातून खेचतो. टाकी रिकामी केली, फिल्टर बदलला, ताजं पेट्रोल घातलं.

आणि बॉस, तिसऱ्या स्टार्टला मशीन उठलं! मामेभावाने शिट्टीच मारली.

पण काका खुश नव्हते. मशीनच्या अंगाला एक बारीक भोक असतं, चालू असताना त्यातून पाण्याची धार पडते. कूलिंगचं पाणी आतून फिरतंय याची ती खूण. इथे धार नव्हती, थेंब होते. दीड-दोन मिनिटांत बीप-बीप सुरू झालं, इंजिन गरम झाल्याची घंटा. काकांनी लगेच बंद केलं. आतल्या वाटा मीठ-रेतीने बुजल्या होत्या. गोड्या पाण्याने धुऊन मोकळ्या होतीलही, पण आत ॲल्युमिनियम किती खाल्लं गेलंय ते इंजिन खोलल्याशिवाय कळणार नव्हतं. निकाल : जिवंत आहे, पण आयसीयूमध्ये.

पेशंट नंबर दोन : आवाज शंभरचा, वेग वीसचा

दुसरं मशीन दिसायला सगळ्यात वाईट. रंग उडालेला, सीट फाटलेली, पुढच्या बाजूला फायबरचं ठिगळ. मीटरवर तासही भरपूर. गाडीचं वय किलोमीटरवर मोजतात, जेटस्कीचं तासांवर. मालक प्रामाणिक निघाला, वह्याच घेऊन आला. कधी ऑइल बदललं, कधी प्लग, सगळं तारखेसकट. दर शंभर तासांनी किंवा वर्षाला एकदा सर्व्हिस, एकही चुकवलेली नाही.

तक्रार काय? इंजिन मस्त सुरू होतं, एक्सलेटर दाबला की बोंबलतं, पण पळत नाही. मित्र म्हणाला, ‘इंजिनात दम नाही.’ काका हसले. दम नसता तर आवाज चढला नसता. इंजिन फिरतंय, पाणी ढकललं जात नाहीये. मिक्सर चालू आहे पण चटणी होत नाही, तसं. तेव्हा बघायचं पातं, मोटर नाही.

मशीन बंद, किल कॉर्ड काढून खिशात, मगच काकांनी जाळीत हात घातला. निघाला नायलॉन दोरीचा गुंता, मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा. पण खरी गोम पुढे होती. इम्पेलरच्या भोवती वेअर रिंग नावाची एक कडी असते. पंखा आणि कडी यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी हवी. इथे फीलर गेजची पाती घातली तर ती फट मिलिमीटरच्या वर! पाणी मागे फेकलं जाण्याऐवजी फटीतून परत फिरत होतं, बुडबुडे होत होते. ‘हेना रेती खाल्ल्यान,’ काका म्हणाले.

रेती खाते कशी? आपल्यामुळे! गिऱ्हाइकाचे पाय ओले होऊ नयेत म्हणून मशीन किनाऱ्याला घोट्याएवढ्या पाण्यात सुरू करतात. जाळी तळापासून वीतभर वर. व्हॅक्यूम क्लीनरसारखी सगळी रेती आत. निदान तीन फूट पाणी असल्याशिवाय इंजिन सुरू करू नये, म्हणजे कमरेपर्यंत भिजायचंच.

मग काकांनी चारही सिलिंडरचं कम्प्रेशन मोजलं. प्लगच्या जागी गेज लावायचं, इंजिन फिरवायचं, आकडा लिहायचा. आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा. बघायचं ते हे, की चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का. दहा टक्क्यांच्या आत फरक असेल तर काळजी नाही. इथे चारही भावंडं एका उंचीची होती. प्लगची टोकं फिकट तपकिरी, ऑइल स्वच्छ. निकाल : पेशंट ठणठणीत, फक्त चप्पल झिजलीय.

पेशंट नंबर तीन : एकदम चकाचक

आता हीरो. टेम्पोतून उतरलं तेव्हा शेजारची पोरं गोळा झाली. निळाशार मेटॅलिक रंग, नवं सीट, नवे स्टिकर्स. मीटरवर तास अगदी कमी. मामेभावाचा जीव यातच अडकला होता. घरी बायकोला त्याने याचाच फोटो दाखवला होता. किंमत सगळ्यात जास्त. विकणाऱ्याला घाई, ‘उद्या सकाळी दुसरी पार्टी येतेय.’ आणि मित्रालाही घाई, रविवारची परतीची गाडी आणि सोमवारी सकाळी रिव्ह्यू मीटिंग.

विकणाऱ्याने बटण दाबलं, इंजिन पहिल्या फटक्यात सुरू! पाच सेकंदांत बंद करून तो म्हणाला, ‘बघा, आहे का काही बोलायला?’

काकांनी इंजिनावर तळहात ठेवला. ‘गरम कोणी केल्यान?’

विकणारा चाचरला. निघताना जरा चालवून बघितलं म्हणे. काकांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला. चहा झाला, मग घावणे आले. मित्र घड्याळ बघून हैराण. पण गरम इंजिन आजार लपवतं. थंड इंजिन खरं बोलतं. ते थंड होईपर्यंत काकांनी टॉर्च घेऊन पोटात डोकं घातलं. सीट नवं, पण पाय ठेवायची रबरी मॅट गुळगुळीत झिजलेली. एवढ्या कमी तासांत? वायरींच्या कनेक्टरमध्ये बारीक सुकलेला गाळ. आतल्या भिंतीवर, बॅटरीच्या बरंच वर, पाण्याची एक आडवी रेघ.

मग ऑइलची काडी बाहेर काढली. टोकाला दुधट, फेसाळ काहीतरी. काकांनी ती मामेभावाच्या नाकासमोर धरली. ‘ह्या ऑइल नाय, ही सोलकढी!’

ऑइलमध्ये पाणी गेलं की ते असं पांढरट होतं. थंड इंजिनाचं कम्प्रेशन घेतलं तर तीन सिलिंडर जवळजवळ सारखे, चौथा पाव हिश्शाने खाली. एकेक खूण वेगवेगळी बघितली तर प्रत्येकीला काहीतरी कारण देता आलं असतं. सगळ्या मिळून एकच गोष्ट सांगत होत्या. हे मशीन कधीतरी बुडालेलं होतं.

बुडालेलं मशीन वाचतं, पण वेळ फार थोडा असतो. पाण्यातून काढलं की स्टार्ट मारायचा नाही. प्लग काढून पाणी उडवायचं, ऑइल बदलायचं, सुरू करायचं, पुन्हा बदलायचं, ऑइल स्वच्छ दिसेपर्यंत. हे सगळं काही तासांत. रात्रभर तसंच ठेवलं तर खारं पाणी बेअरिंगला गंज चढवतं आणि त्यानंतर वरून कितीही रंग मारा.

विकणाऱ्याने भाव लाखाने खाली आणला. मित्र खाजगीत म्हणाला, ‘एवढ्यात मिळतंय तर घेऊन टाकू, काका जरा जास्तच चिकित्सक आहेत.’ मामेभाऊ गप्प होता. माझ्या मनात एकच हिशेब चालला होता. मित्राचा बोनस पुढच्या वर्षी पुन्हा येईल. गहाण ठेवलेल्या बांगड्या सुटायच्या तर हे मशीन दिवाळी आणि नाताळ, दोन्ही सुट्ट्यांत रोज पाण्यात असायला हवं. डिसेंबरात ते शेडमध्ये पडून राहिलं तर हप्ता कुठून जाणार? मी ते बोललो. मामेभाऊ बराच वेळ त्या निळ्या रंगाकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, ‘दादा, नको.’

इंजिन बंद म्हणजे हँडलही बंद

एवढी चिकित्सा कशासाठी, फक्त पैशासाठी? त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी पाण्यात मिळालं. मामेभाऊ पहाटेच बाइकवरून गोव्याला गेला आणि नंबर दोनसाठी नवी वेअर रिंग घेऊन आला. दुपारपर्यंत ती बसली. ट्रायल घ्यायची ती भरतीच्या पाण्यात, पर्यटकांच्या वाटेपासून लांब आणि सोबत एक होडी, असा काकांचा हुकूम.

मशीन खाडीच्या मध्यावर गेलं आणि अक्षरशः सुटलं! आधीच्या रडक्या मशीनचा मागमूस नाही. मग काकांनी हात वर करून इशारा केला. मामेभावाने वेगात असताना एक्सलेटर सोडला आणि हँडल पूर्ण डावीकडे वळवलं. मशीन वळलंच नाही. सरळ गेलं, बऱ्याच अंतरावर जाऊन थांबलं.

कारण सोपं आहे. मशीनला वळवतं ते मागून सुटणारं पाणी. इंजिन बंद पडलं किंवा एक्सलेटर सोडला की पाणी सुटत नाही आणि हँडल नुसतं शोभेचं उरतं. समोर होडी दिसली की नवखा माणूस घाबरून पहिली गोष्ट काय करतो? एक्सलेटर सोडतो! आणि सरळ जाऊन धडकतो. काही नव्या मॉडेल्सना ब्रेकसारखी सोय आली आहे, पण जुन्या भाड्याच्या मशिनींना ती नाही. वळायचं असेल तर थोडा एक्सलेटर ठेवूनच वळायचं. म्हणूनच मध्येच बंद पडणारं इंजिन ही इथे नुसती कटकट नसते, धोका असतो.

इंजिनाची ट्रायल गर्दीत घेणं किती महागात पडतं ते आपण मुंबईकरांनी बघितलंय. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. त्या स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि तिच्यावरचा ताबा सुटला. पंधरा माणसं गेली. खाडीत ट्रायल बघताना तो दिवस आठवल्याशिवाय राहिला नाही.

सौदा

घेतलं ते दुसरं मशीन. उडालेल्या रंगाचं, ठिगळाचं. वाचलेले पैसे इम्पेलर, नवी बॅटरी, दोन जास्तीची लाइफ जॅकेट्स आणि मेरीटाइम बोर्डाच्या परवान्यासाठी बाजूला ठेवले. रंग पुढच्या वर्षी. रात्री मामेभावाच्या घरी बांगड्याचं तिखलं झालं. त्याच्या बायकोने मोबाइलवर मशीनचा फोटो बघितला आणि म्हणाली, ‘ह्या निळा नाय?’ सगळे गप्प. मग त्याने तिला ऑइलच्या काडीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, ‘मगे बरा झाला.’

मित्राने सोमवारची रिव्ह्यू मीटिंग ट्रेनमधूनच फोनवर अटेंड केली. रत्नागिरीच्या पुढे बोगद्यात कॉल तुटला, तेवढाच काय तो निवांतपणा.

जाताय? मग हे वाचा

कसं जाल : कोकण रेल्वेने कुडाळला उतरा. कोकणकन्या रात्री मुंबईहून निघते आणि सकाळी पोचवते. कुडाळहून मालवणला एसटी आहे, मालवणहून देवबागला रिक्षा. कारने मुंबई-गोवा हायवे.

कधी : सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात. पाणी निवळायला लागतं, हिरवळ असते, गर्दी नसते.

राइड घेताना : किल कॉर्ड मनगटाला किंवा जॅकेटला अडकवा, ‘पाच मिनिटांसाठी कशाला’ हे ऐकू नका. तुम्ही पडलात तर तीच इंजिन बंद करते. पायाला दोरी किंवा पिशवी लागेल अशा पाण्यात सुरू करू देऊ नका. कमरेपर्यंत चालत जा. बीप वाजला तर राइड संपली, पैशांवरून वाद नको.

विकत घेताना : इंजिन थंड असताना बघा. सर्व्हिसची वही मागा. ऑइलची काडी, प्लग, कम्प्रेशन, मग जाळी आणि इम्पेलर, सगळ्यात शेवटी पाण्यात ट्रायल. ट्रायल द्यायला नकार असेल तर चहा पिऊन निघा.

घेतल्यावर : रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने आतून धुवा. क्रम लक्षात ठेवा. आधी इंजिन सुरू, मग नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. उलटं केलंत तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये शिरू शकतं. पावसाळ्याआधी बॅटरी काढून घरात चार्ज करत राहा आणि टाकीत जुनं पेट्रोल सोडू नका.

आणि नुसतेच राइड घेणारे असाल तर एक सोपी टेस्ट. संध्याकाळी शेवटची राइड झाल्यावर किनाऱ्यावर दहा मिनिटं थांबा. जो पोरगा दमलेला असूनही मशीनला पाइप लावून धूत बसतो, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याच मशीनवर बसा.